कोव्हच्या धक्क्यापासून मन्रो स्ट्रीटपर्यंत: मूर कुटुंबाच्या वाटेनं

सोमवार, कोव्ह

कॉर्क शहराच्या केंट स्टेशनातून सुटलेली लोकल पंचवीसेक मिनिटांत कोव्हला पोचते. फोटा स्टेशन गेलं की खाडीचं पाणी अगदी रुळांजवळ येतं. मग गाडी थांबते ती थेट बंदरावरच. आयर्लंड सोडून अमेरिकेला निघालेली लाखो माणसं याच मार्गाने इथवर आली. गाडीतून उतरायचं, शेजारच्या धक्क्यावर जायचं आणि बोटीची वाट बघायची.

ताईचा मुलगा जर्सी सिटीत असतो, त्यामुळे न्यूयॉर्कला जायचंच होतं. वाटेत आयर्लंड करू हा आग्रह माझा होता. मला एका कुटुंबाची वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत चालून बघायची होती. मॅथ्यू आणि ज्युलिया मूर हे कॉर्क परगण्यातलं जोडपं, आणि त्यांची ॲनी, अँथनी आणि फिलिप ही मुलं. अमेरिकेत राहायला येणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावरचं नवं तपासणी केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी उघडलं, तेव्हा नोंदवहीत पहिलं नाव लागलं ते या ॲनीचं. तेवढ्यावर ती जगप्रसिद्ध झाली. तिच्या आईबापांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि माझं सगळं कुतूहल तिथंच होतं.

जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीतच आता कोव्ह हेरिटेज सेंटर आहे. १८४८ ते १९५० या काळात आयर्लंडमधून साठ लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि त्यातली पंचवीस लाख या एका बंदरातून गेली, असं तिथं सांगतात. तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं. १८४९ मध्ये व्हिक्टोरिया राणी येऊन गेली म्हणून ते ठेवलं होतं, आणि १९२० मध्ये गावाने ते काढून टाकून आपलं जुनं नाव परत घेतलं.

१८४५ पासून पुढे सलग काही वर्षं बटाट्यावर करपा पडला. गरिबांचं पोट त्या एका पिकावर होतं. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्याच वर्षांत आयर्लंडमधून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जातच होती. हे वाचताना ताई थबकली. “म्हणजे अन्न नव्हतं असं नाहीच,” ती म्हणाली, “यांना मिळत नव्हतं.” दुष्काळ ओसरला तरी माणसं जायची थांबली नाहीत. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ब्याऐंशी लाखांच्या आसपास होती, ती १८९१ मध्ये सत्तेचाळीस लाखांवर आली. घरातलं एक माणूस आधी जायचं, तिकडे राबून पैसे साठवायचं आणि पुढच्याचं तिकीट धाडायचं. भरल्या घरातली माणसं अशी एकेक करून कमी होत गेली.

मूर कुटुंबही एकदम गेलं नाही. मॅथ्यू आणि ज्युलिया १८८८ मध्ये पुढे गेले आणि ही तिघं मागे राहिली. तीन वर्षांहून जास्त काळ आई मॅनहॅटनमध्ये आणि मुलं आयर्लंडमध्ये.

सेंटरच्या बाहेर धक्क्यावर त्या तिघांचा पुतळा आहे. जीन राइनहार्ट या आयरिश शिल्पकर्तीने तो केला. एक भाऊ समुद्राकडे हात करून काही दाखवतोय, आणि ॲनी मात्र मागे वळून गावाकडे बघतेय. निघाली तेव्हा ती सतरा वर्षांची होती, अँथनी पंधरा आणि फिलिप बारा. ताई बराच वेळ त्या धाकट्याकडे बघत राहिली.

“आई गेली तेव्हा हा आठ-नऊ वर्षांचा असणार गं,” ती म्हणाली.

“हो ना. आणि ही चौदाची.”

“म्हणजे तेव्हापासून हीच त्याची आई.”

पुढचे सगळे दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात होतं.

मंगळवार, कोव्ह

सकाळपासून पावसाची भुरभुर होती. चढ चढून सेंट कोलमन कॅथेड्रलपाशी गेलो. १८६८ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम पुरं व्हायला १९१९ उजाडलं. टोकदार शिखर चढलं ते १९१५ च्या सुमाराला. तेव्हा डिसेंबर १८९१ मध्ये मूर भावंडांनी मागे वळून पाहिलं असेल तर त्यांना अर्धवट चर्च दिसलं असणार. आज पर्यटक ज्या शिखराचे फोटो काढतात ते त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतंच. एकोणपन्नास घंटांचा संच या मनोऱ्यात आहे आणि त्याचा नाद खाली धक्क्यापर्यंत ऐकू येतो.

गावात सगळ्यात मोठी गर्दी असते ती टायटॅनिकच्या जागी. ११ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक इथं शेवटची थांबली होती आणि व्हाइट स्टार लाइनच्या जुन्या कचेरीत आता त्याचं प्रदर्शन आहे. इथून १२३ प्रवासी चढले होते. त्यांची कहाणी दुःखाची आहे, यात शंका नाही. पण पंचवीस लाख माणसं जिथून गेली त्या गावात लोकांनी एवढ्या एका बोटीसाठी रांग लावावी, हे मला पटलं नाही. बुडालेल्या जहाजाला शेवट असतो म्हणून त्याची गोष्ट सांगायला सोपी जाते. पोचलेल्यांची गोष्ट पुढे चालूच राहते, म्हणून ती ऐकायला सवड लागते.

मोठी जहाजं धक्क्याला लागत नसत. ती बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून उभी राहत आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून तिथवर नेत. आदल्या रात्री गावोगावच्या घरांत ‘अमेरिकन वेक’ होई. मयताच्या रात्री जसं जागतात तसं जाणाऱ्यासाठी शेजारीपाजारी रात्रभर जागत. गाणी, नाच, दारू आणि पहाटे रडारड. आईबापांना माहीत असे की हे तोंड पुन्हा दिसणार नाही. मूर भावंडांच्या बाबतीत हे उलटं होतं. त्यांचे आईबाप समुद्रापलीकडेच वाट बघत होते. तरी आजवर ज्यांच्यात वाढली ती सगळी माणसं त्यांना इथंच सोडायची होती.

२० डिसेंबर १८९१ ला ‘नेवाडा’ इथून निघाली. गियन लाइनची ही वाफेवरची बोट, वीस वर्षांहून जुनी. मुलांची जागा स्टीअरेजमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या, सगळ्यात स्वस्त वर्गात. त्या वर्गात १४८ प्रवासी होते. भर हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक, आणि नाताळ समुद्रावरच.

बुधवार, डब्लिन

कॉर्कहून गाडीने अडीचेक तासांत डब्लिनला आलो आणि दुपारी लिफी नदीवर उभी असलेली ‘जीनी जॉन्स्टन’ पाहिली. दुष्काळाच्या काळातल्या शिडाच्या जहाजाची ही हुबेहूब नवी बांधणी आहे. मूळ जहाजाने १८४८ ते १८५५ मध्ये उत्तर अमेरिकेच्या सोळा फेऱ्या केल्या आणि एकही माणूस वाटेत दगावला नाही. कप्तान जेम्स ॲट्रिज आणि डॉक्टर रिचर्ड ब्लेनरहॅसेट यांच्या शिस्तीचं ते फळ. डॉक्टर हवा येऊ द्यायचे, बिछाने झाडून घ्यायचे आणि हवा बरी असली की सगळ्यांना रोज वर डेकवर पाठवायचे. त्या काळी हे किती दुर्मीळ होतं ते कळण्यासाठी एवढंच पुरे, की बाकीच्या अशा जहाजांना लोक शवपेटीच्या नावानेच ओळखत.

खालच्या मजल्यावर उतरलं की मान वाकवूनच चालावं लागतं. एकेका फळीवर चार-चार माणसं, आणि असे सरासरी सत्तेचाळीस दिवस. मूर भावंडांच्या आधीच्या पिढीने हा प्रवास असा केला. नेवाडाला बारा दिवसही लागले नाहीत. ‘इकडे मी कमावते, तिकडून तुम्ही या’ असा टप्प्याटप्प्याचा बेत घरोघरी करता येऊ लागला तो वाफेच्या बोटींमुळे.

गुरुवार, डब्लिन ते न्यूयॉर्क

डब्लिन विमानतळावर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्याआधीच होते. अमेरिकी अधिकारी आयर्लंडच्या भूमीवर बसून बोटांचे ठसे घेतात, प्रश्न विचारतात आणि आत घेतल्याचं तिथंच सांगतात. पलीकडे उतरल्यावर पुन्हा विचारणा नाही. पूर्वी समुद्र ओलांडून गेल्यावर ‘परत जा’ ऐकावं लागे, ते आता निघण्याआधीच ऐकू येतं.

साडेसात-आठ तासांचं विमान. संध्याकाळी भाचा न्यायला आला. त्याच्याकडे वरणभात, लिंबाचं लोणचं आणि लवकर झोप.

शुक्रवार, एलिस बेट

बॅटरी पार्कमधल्या कॅसल क्लिंटन या गोल दगडी किल्ल्यापाशी फेरीची तिकिटं मिळतात. बहुतेक लोक तिकीट घेऊन निघून जातात. आम्ही थांबलो, कारण एलिस बेटाच्या आधी, १८५५ ते १८९० या काळात, न्यूयॉर्कला येणाऱ्यांची नोंद इथंच होत असे. तेव्हा या जागेचं नाव कॅसल गार्डन होतं. मॅथ्यू आणि ज्युलिया १८८८ मध्ये आले तेव्हा तपासणीची जागा हीच होती.

त्याच्या पाच वर्षं आधी, जून १८८३ मध्ये, याच शहराच्या बंदरात अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी, घरचं कुणी सोबत नसताना, उतरली होती. ती शिकायला आली होती आणि परत जाणार होती, त्यामुळे तिची वाट वेगळी. पण त्या काळच्या बंदरात त्या वयाच्या मुलीचं येऊन उभं राहणं म्हणजे काय असेल, याचा विचार करताना मराठी माणसाला ती आठवल्यावाचून राहत नाही. तिच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातच, पकिप्सीच्या दफनभूमीत आहेत.

फेरी आधी लिबर्टी बेटावर थांबते. १८८६ मध्ये उभी राहिलेली स्वातंत्र्यदेवता ॲनीने नक्की पाहिली असणार. नेवाडा ३१ डिसेंबरला संध्याकाळी बंदरात आली आणि प्रवाशांना ती रात्र बोटीतच काढावी लागली.

आधी नियमांबद्दल थोडं सांगायला हवं. १८९१ च्या मार्च महिन्यातल्या कायद्याने इमिग्रेशनचा कारभार पूर्णपणे केंद्र सरकारकडे गेला. संसर्गजन्य रोग असलेले किंवा सरकारवर ओझं होतील असं वाटणारे लोक परत पाठवायचे, आणि परतीचा खर्च जहाज कंपनीने करायचा, असं त्यात होतं. म्हणून कंपन्याच प्रवाशांना निघताना पारखून घेऊ लागल्या. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे प्रवासी जहाजावरच तपासून शहरात सोडले जात. बेटावर आणत ते मुख्यतः स्टीअरेजवाल्यांना.

१ जानेवारीला सकाळी ॲनी सगळ्यांच्या पुढे आली. कर्नल जॉन वेबर या अधिकाऱ्याने तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं. असं नाणं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि ते कधीच मोडणार नाही असं ती म्हणाली, असं वर्तमानपत्रात छापून आलं. त्या दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस असल्याचंही छापलं गेलं. खरं तर ती एप्रिलमध्ये जन्मलेली, सतरा वर्षांची होती. त्या दिवशी सातशेच्या आसपास माणसं बेटावरून गेली.

भव्य नोंदणी दालनात उभं राहिल्यावर सगळ्यांना वाटतं की ॲनी इथंच उभी होती. ते खरं नाही. पहिली इमारत लाकडाची होती आणि जून १८९७ मध्ये ती एका रात्रीत जळून खाक झाली. माणूस कुणी दगावलं नाही, पण १८५५ पासूनच्या नोंदींचे कागद त्यात गेले. आज दिसते ती विटांची इमारत डिसेंबर १९०० मध्ये उघडली. छतावरच्या त्या सुंदर फरशा तर १९१६ च्या दारूगोळ्याच्या स्फोटानंतर बसवलेल्या आहेत. आपली माणसं कुठून आली हे शोधणाऱ्या अमेरिकी घरांना ती आग आजही नडते.

या इमारतीत जे घडत होतं तेही समजून घ्यावं असंच आहे. वर चढणाऱ्या जिन्यावरच डॉक्टर उभे असत. धाप लागते का, लंगडतो का, एवढं काही क्षणांत बघायचं आणि शंका आली की कोटावर खडूने अक्षर काढायचं. खुपऱ्या आहेत का हे बघायला पापणी उलटायची, त्यासाठी बुटाची बटणं लावायचा आकडा वापरत. काचेमागे ठेवलेला तो आकडा बघून ताईने मान फिरवली. १९०७ या एका वर्षात दहा लाखांवर माणसं इथून आत गेली. १९५४ पर्यंत एकूण एक कोटी वीस लाखांच्या वर. परत पाठवले गेले शंभरात दोनच्या आसपास. आकडा लहान दिसतो, पण कधी आईला आत घेऊन मुलाला परत धाडायचे, कधी उलट, आणि मग त्या घराला तिथंच उभ्या उभ्या ठरवावं लागे की कुणी कुणाबरोबर जायचं.

आणि हे दार सगळ्यांसाठी नव्हतं, हेही सांगायला हवं. चिनी मजुरांना १८८२ पासूनच बंदी होती. १९१७ च्या कायद्याने आपल्या हिंदुस्थानसकट आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद झालं. माझा भाचा ज्या वाटेने गेला ती कित्येक दशकं अस्तित्वातच नव्हती.

ॲनीचा एक पुतळा इथंही आहे, त्याच शिल्पकर्तीचा. एका हातात बॅग, दुसऱ्या हाताने टोपी धरलेली. भाऊ मात्र इथं नाहीत. मला ते खटकलं. त्या दोघांना सुखरूप आणून पोचवणं हे त्या दिवशीचं तिचं खरं काम होतं.

शनिवार, लोअर ईस्ट साइड

मूर कुटुंबाचा न्यूयॉर्कमधला पत्ता होता ३२ मन्रो स्ट्रीट. बेटापासून अडीचेक मैलांवर, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडे. ते घर आता नाही. तो सगळा भाग क्षयाने इतका पोखरलेला होता की पुढे लोक त्याला ‘फुफ्फुसांचा ब्लॉक’ म्हणू लागले. १९३० च्या दशकात तो पाडला आणि तिथं निकरबॉकर व्हिलेज ही मोठी वसाहत उभी राहिली. आम्ही विटांच्या त्या उंच इमारतींभोवती फिरलो. शेजारून मॅनहॅटन ब्रिजवरच्या गाड्यांचा खडखडाट येत होता. आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या चिनी. भाजीवाल्याकडे दुधी, कारली आणि आल्याचे ढीग बघून ताईला मंडईत आल्यासारखं वाटलं. ज्यांना कायद्याने दार बंद केलं होतं तेच आज या गल्ल्यांचे रहिवासी आहेत, हे बघून मला मनापासून बरं वाटलं.

जुन्या चाळीतली खोली आतून बघायची तर ऑर्चर्ड स्ट्रीटवर जावं. ९७ क्रमांकाची १८६३ ची इमारत टेनेमेंट म्युझियमने जपली आहे. तिथं १८६९ मध्ये राहिलेलं आयरिश कुटुंबही मूर आडनावाचंच, पण ॲनीशी नातं नसलेलं. जोसेफ आणि ब्रिजेट मूर. त्यांची तान्ही ॲग्नेस त्याच वर्षी पाचेक महिन्यांची होऊन गेली, कुपोषणाने. त्या काळी शहरात विकलं जाणारं दूध भट्टीच्या चोथ्यावर पोसलेल्या आजारी गायींचं असे आणि त्यात खडूची पूड मिसळत. आई बाळाला तेच पाजत होती, कारण दुसरं मिळत नव्हतं. खोलीत छोटी पेटी ठेवली आहे. आमच्या गटातलं कुणीच काही बोललं नाही.

ॲनीचं पुढचं आयुष्य यापेक्षा फार वेगळं नव्हतं. तिने जोसेफ शायर याच्याशी लग्न केलं. तो जर्मन स्थलांतरितांचा मुलगा, फुल्टन मासळी बाजारात कामाला. तो बाजार २००५ मध्ये ब्राँक्सला हलला, पण जागा इथून पायी जाण्यासारखी आहे. तिला किमान अकरा मुलं झाली आणि त्यातली पाच मोठी झाली. तिचं सगळं आयुष्य या मोजक्या गल्ल्यांत गेलं. १९२४ मध्ये पन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने ती वारली.

पण कित्येक वर्षं जगाला सांगितलं गेलं ते भलतंच. ॲनी मूर पश्चिमेला गेली, टेक्सासमध्ये स्थायिक झाली आणि तिथंच वारली, अशी ती हकीगत होती. वंशावळी शोधणाऱ्या मेगन स्मॉलेन्याक यांनी कागद काढले तेव्हा कळलं की टेक्सासची ती ॲनी मूर आयर्लंडची नव्हतीच, तिचा जन्म इलिनॉयमधला. त्यांनी इंटरनेटवर बक्षीस लावलं, न्यूयॉर्क शहराच्या दप्तरखान्याचे प्रमुख ब्रायन अँडरसन यांनीही शोध घेतला आणि २००६ मध्ये खरी ॲनी सापडली. टेक्सासची गोष्ट इतकी टिकली याचं कारण मला असं वाटतं की लोकांना ती हवी होती. बोटीतून उतरायचं, मोकळ्या प्रदेशात जायचं, आयुष्य घडवायचं. मासळी बाजारामागच्या खोलीत सहा मुलं गमावलेली बाई त्या चित्रात बसत नव्हती. माझ्या लेखी मात्र स्थलांतर ते हेच. पहिली पिढी पोचते आणि तिथंच खर्ची पडते.

रविवार, क्वीन्स

७ नंबरच्या रेल्वेने क्वीन्समध्ये आलो आणि तिथून चालत कॅल्व्हरी दफनभूमीत गेलो. १८४८ पासूनच्या या जागेत तीसएक लाख माणसं पुरलेली आहेत. त्यात आयरिश नावं जागोजाग, आणि थडग्यांच्या रांगांपलीकडे मॅनहॅटनच्या इमारती. ॲनीचं थडगं ऐंशीहून जास्त वर्षं बिनदगडाचं होतं. त्याच जागेत तिची लहानपणी गेलेली काही मुलंही आहेत. ११ ऑक्टोबर २००८ रोजी तिथं आयर्लंडहून आणलेल्या निळसर चुनखडीचा क्रॉस उभारला गेला.

ताईने वाटेत घेतलेली फुलं ठेवली. मग तिने मला विचारलं, “आणि ज्युलिया कुठे गं?” मला सांगता आलं नाही.

ॲनीच्या वंशजांत आज आयरिश आडनावांबरोबर इटालियन, ज्यू आणि स्कँडिनेव्हियन आडनावंही आहेत. शोध लागेपर्यंत आपली पणजी एलिस बेटाची पहिली नोंद आहे हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊकही नव्हतं.

तुम्ही न्यूयॉर्कला जाल तेव्हा एलिस बेट बघालच. त्याच दिवशी बोटीतून परत आल्यावर बॅटरीहून पूर्वेकडे चालत निघा. अर्ध्या तासाच्या आसपास मन्रो स्ट्रीट येतो. ३२ क्रमांकाची खूण सापडणार नाही, पण कुठल्या बाजूला बघायचं ते तुम्हाला आता माहीत आहे. आणि कोव्हला गेलात तर टायटॅनिकच्या रांगेत उभं राहण्याआधी त्या तिघा भावंडांपाशी जा.